विषाणूजन्य हिपॅटायटिस : ठाणे आणि नवी मुंबईतील आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण कसे आखावे

विषाणूजन्य हिपॅटायटिसवरचे प्रशिक्षण बहुतेक रुग्णालयांत एका दुपारी सभागृहात उरकले जाते. पडद्यावर यकृताची चित्रे सरकतात, पाच विषाणूंची नावे सांगितली जातात, हजेरीपटावर सह्या होतात आणि कार्यक्रम संपतो. दुसऱ्या दिवशी वॉर्डातली सिस्टर घाईत सुईवर पुन्हा टोपण चढवते, मावशी कचऱ्याची पिशवी हाताने दाबून बांधतात आणि ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ असा, म्हणजे हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक आल्याचा, अहवाल शस्त्रक्रियेच्या फाइलला लागून रुग्णाबरोबर घरी जातो. पुढची तपासणी कोणी करायची, हे त्यावर कोणीच लिहिलेले नसते. प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे सभागृहात नव्हे तर या ठिकाणी कळते. म्हणून महापालिका रुग्णालये, खासगी नर्सिंग होम, डायलिसिस केंद्रे आणि नागरी आरोग्य केंद्रे यांच्यासाठीचे हे मार्गदर्शन विषयवार न मांडता, कोणत्या कर्मचाऱ्याच्या हातून काय बदलले पाहिजे, त्या क्रमाने मांडले आहे.

कामाची व्याप्ती आधी लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीची आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सीची जुनाट लागण होती. यांतील बहुतेकांना आपल्याला लागण आहे याचा पत्ताच नसतो, कारण यकृत बराच काळ कोणतीही तक्रार न करता झिजत राहते. आपल्याकडे २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे आणि त्याखाली बी व सी या दोन्हींचे निदान आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. औषध उपलब्ध असताना रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर मधल्या माणसांना तयार करणे हाच उपाय उरतो.

प्रशिक्षणाआधीची फेरी

पहिले काम वर्गाचे नव्हे, फेरीचे आहे. प्रशिक्षकाने एक दिवस काढून प्रसूतिगृह, अपघात विभाग, प्रयोगशाळा, डायलिसिस कक्ष आणि कचरा ठेवण्याची जागा पाहून घ्यावी, आणि काहीही न सुचवता फक्त टिपून ठेवावे: सुया टाकण्याचा पांढरा डबा खाटेपासून किती पावलांवर आहे, हब कटर (वापरलेली सुई सिरिंजपासून कापणारे उपकरण) चालू आहे का, सोडियम हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण कोण व केव्हा बनवते, सुई लागल्यास कोणाला फोन करायचा हे रात्रपाळीतल्या सिस्टरला माहीत आहे का. या नोंदींतूनच अभ्यासक्रम ठरतो. डबाच वीस पावलांवर असेल, तर सुरक्षित इंजेक्शनवर तासभर बोलून काही साधत नाही. आधी डबा जवळ आणावा.

गट वेगवेगळे करावेत. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी आणि आशा सेविका यांना एकत्र बसवले की बोलणे डॉक्टरांच्या पातळीवर जाते आणि मावशी-मामा मागच्या रांगेत गप्प बसतात. वास्तविक सुई लागण्याचा धोका त्यांनाही मोठा असतो, आणि ती सुई कोणत्या रुग्णाची होती हे त्यांच्या बाबतीत बहुधा कळतही नाही. सफाई कर्मचाऱ्यांची तुकडी लहान असावी, त्यांच्या पाळीच्या वेळेतच भरावी आणि कंत्राटदाराकडून आलेल्या कामगारांना त्यातून वगळू नये. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारीच आहे. नोकरी कायम आहे की कंत्राटी, यामुळे त्यात फरक पडत नाही.

शिकवण्यापूर्वी लस

लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी शिकवायला बसवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या नोंदणीपत्रकातच लसीच्या तीन मात्रांच्या तारखांचे रकाने ठेवावेत. प्रौढांसाठी मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी, दंडाच्या स्नायूत द्यावयाची असते. कुल्ल्यात दिल्यास संरक्षण कमी मिळते. मधे खंड पडला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात न करता उरलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासावा. तो मिलिलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक असल्यास संरक्षण मिळाले असे मानतात. कमी आल्यास मात्रांची दुसरी मालिका द्यावी, आणि त्यानंतरही प्रतिसाद न आल्यास एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण दाखवणारी रक्तचाचणी) तपासून, त्या व्यक्तीला लसीचा उपयोग झालेला नाही अशी नोंद तिच्या कार्डावर ठळकपणे करावी, कारण पुढे सुई लागल्यास तिचा उपचार वेगळा असतो.

टायटरची पायरी जवळजवळ सर्वत्र गाळली जाते. खर्च हे त्याचे कारण सांगितले जाते, पण टायटर माहीत नसलेल्या कर्मचाऱ्याला रात्री दोन वाजता सुई लागली, की इम्युनोग्लोब्युलिन (हिपॅटायटिस बीविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे की नाही या प्रश्नावर जी धावपळ होते, तिचा खर्च त्याहून मोठा आहे.

सर्वांना एकसारखे सांगायचे तेवढेच

पाच विषाणूंची सविस्तर रचना कोणालाच लक्षात ठेवावी लागत नाही. ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. बी, सी आणि डी रक्तातून, असुरक्षित सुईतून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातात, आणि यांपैकी डी केवळ बी असलेल्यालाच होतो. बी आणि ए यांवर लस आहे, सीवर नाही. मात्र सी औषधाने पूर्ण बरा होतो. डोळे पिवळे नाहीत म्हणून लागण नाही, असा निष्कर्ष कोणीही काढू नये. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस संसर्गक्षम राहतो. सफाई विभागाच्या तुकडीला आणखी काही नाही सांगितले तरी चालेल, पण हे जरूर सांगावे.

हाताची सवय : सुई, सांडलेले रक्त आणि अपघात

प्रशिक्षणाचा निम्मा वेळ इथे द्यावा आणि तो वॉर्डातच द्यावा. संरक्षण नसलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई लागल्यास हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. सीसाठी ती जास्तीत जास्त सुमारे २ टक्के, तर एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ टक्के आहे. हे आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवले की कर्मचाऱ्यांच्या मनातली भीतीची क्रमवारी बदलते. एचआयव्हीला सगळे घाबरतात, बीचा विचार फारसे कोणी करत नाही. रुग्णांच्या बाजूने हाच धोका किती भीषण होऊ शकतो, हे २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात दिसले. तिथे हिपॅटायटिस बीची जी जीवघेणी साथ आली, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरणे हे कारण होते. लहान दवाखान्यांतल्या सहायकांपर्यंत ही घटना पोहोचली पाहिजे, कारण ‘सुई बदलली, सिरिंज तीच ठेवली तर काय होते?’ हा प्रश्न आजही विचारला जातो.

प्रत्येक परिचारिकेकडून प्रत्यक्ष करून घ्यावे: इंजेक्शन दिल्यावर टोपण न चढवता सुई हब कटरमध्ये कापणे, अनेक मात्रांच्या व्हायलमध्ये दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज वापरणे, ग्लुकोमीटरची लॅन्सेट एकाच रुग्णापुरती ठेवणे. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. काठोकाठ भरेपर्यंत वाट पाहण्यातच बोटे जखमी होतात.

सांडलेल्या रक्तासाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लागते आणि गोंधळ नेमका ते बनवताना होतो. बाजारातील द्रावण १० टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावणात नऊ भाग पाणी, ५ टक्क्यांचे असेल तर एक भागात चार भाग पाणी मिसळावे. कॅनवरचे लेबल वाचून मापाच्या भांड्याने द्रावण बनवण्याची उजळणी मावशींकडूनच करून घ्यावी. द्रावण रोज ताजे करावे आणि झाकून ठेवावे. हातमोजे घालून रक्तावर टिपकागद ठेवावा, त्यावर द्रावण ओतावे, किमान दहा मिनिटे थांबावे आणि मगच पुसावे. ही दहा मिनिटे कोणीही थांबत नाही, म्हणून सरावाच्या वेळी घड्याळ लावून खरोखर दहा मिनिटे थांबवावे.

सुई लागल्यावर काय करायचे याचा तोंडी पाठ न घेता, खरी घटना घडल्याप्रमाणे सराव घ्यावा आणि तो रात्रपाळीत घ्यावा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर ब्लीच किंवा तिखट जंतुनाशक ओतू नये. लगेच वरिष्ठांना कळवावे. रुग्ण माहीत असल्यास त्याची संमती घेऊन एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही आणि एचआयव्ही तपासणी करावी, आणि कर्मचाऱ्याचीही त्याच दिवशी पायाभूत तपासणी करावी. टायटर पुरेसा असल्याची नोंद असेल तर बीसाठी काही द्यावे लागत नाही. लस घेतलेली नसेल आणि रुग्ण बाधित असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे आणि त्याच वेळी लसीची पहिली मात्रा दुसऱ्या जागी द्यावी. सीसाठी प्रतिबंधक औषध नाही. तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए (रक्तात विषाणू प्रत्यक्ष आहे का, हे दाखवणारी चाचणी) आणि चार ते सहा महिन्यांनी अँटी-एचसीव्ही तपासून लागण वेळीच पकडता येते आणि ती बरी करता येते. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध लागल्यास ते शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावे लागते. इम्युनोग्लोब्युलिन कोणत्या फ्रिजमध्ये आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे सरावात विचारलेच पाहिजे. नर्सिंग होमकडे साठा नसेल, तर तो रात्री कोठून मिळेल हे आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे.

एक गोष्ट व्यवस्थापनाला सांगावी लागते. सुई लागल्याचे कळवणाऱ्यावर रागावले, तर पुढचा अपघात कोणीही कळवणार नाही. प्रशिक्षणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नोंदवहीतले अपघात वाढलेले दिसले, तर ते चांगले लक्षण समजावे.

प्रसूतिगृह : पहिले २४ तास

नवजात बाळाला बीची लागण झाली, तर ती जुनाट होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. निरोगी प्रौढात ती ५ टक्क्यांपेक्षा कमी असते. म्हणजे यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) आणि कर्करोग टाळण्याची सर्वांत मोठी संधी प्रसूतिगृहातल्या सिस्टरच्या हातात आहे, आणि तिला हे याच शब्दांत सांगावे.

प्रत्येक गरोदर स्त्रीची एचबीएसएजी तपासणी व्हावी आणि निकाल प्रसूतीच्या कागदांच्या पहिल्याच पानावर असावा. प्रत्येक बाळाला, आईचा निकाल काहीही असो, जन्मानंतर २४ तासांच्या आत मांडीच्या स्नायूत लसीची जन्ममात्रा द्यावी. पुढच्या मात्रा ६, १० आणि १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. आई बाधित असल्यास लसीबरोबरच दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे, शक्यतो पहिल्या १२ तासांतच.

जन्ममात्रा चुकते ती ज्ञानाअभावी क्वचितच. रविवारी जन्म झाला आणि लसीकरणाची सिस्टर सुट्टीवर होती, किंवा एका बाळासाठी दहा मात्रांची व्हायल फोडायला मन धजले नाही, अशी कारणे असतात. म्हणून प्रसूतिगृहात प्रत्येक पाळीत लस देऊ शकणारी व्यक्ती हवी, आणि हिपॅटायटिस बीची उघडलेली व्हायल शीतसाखळी व इतर अटी पाळल्या तर, उघडल्याची तारीख लिहून, २८ दिवसांपर्यंत वापरता येते हे सर्वांना ठाऊक हवे. ही लस गोठली की निकामी होते. बर्फाला चिकटून ठेवलेली व्हायल वापरू नये.

गरोदरपणात आईच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मिलिलिटरमागे २ लाख आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा अधिक असल्यास २८व्या आठवड्याच्या सुमारास टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करण्यासाठी तिला उपचार केंद्राकडे पाठवावे. केवळ हिपॅटायटिस बी आहे म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही आणि स्तनपान थांबवण्याचेही नाही. बाधित बाळंतिणीला वॉर्डाच्या कोपऱ्यात वेगळे ठेवून खाटेवर पाटी लावण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी. मानक खबरदारी सर्वच रुग्णांसाठी पाळायची असते.

अहवालापासून उपचारापर्यंत

प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टर यांचा वर्ग एकत्र घ्यावा. अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह येणे म्हणजे विषाणूशी कधीतरी संबंध आला होता, एवढेच सिद्ध होते. सुमारे १५ ते ४५ टक्के लोकांत विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो, आणि औषधाने बरे झालेल्यांतही ही चाचणी रिअ‍ॅक्टिव्हच राहते. म्हणून आरएनए तपासणी अनिवार्य आहे. रुग्णाला दुसऱ्यांदा बोलवावे लागू नये यासाठी, पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह येताच आरएनएसाठीचा नमुना त्याच दिवशी पाठवण्याची पद्धत लावावी. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी झालेल्या तपासणीतून सापडलेले रुग्ण सर्वाधिक हरवतात. त्यांच्यासाठी वेगळी वही आणि तिच्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

सिऱ्होसिस नसलेल्या सीच्या रुग्णाला सोफोसब्युव्हिर आणि डाक्लाटास्व्हिर ही औषधे १२ आठवडे देतात. सिऱ्होसिस असल्यास सोफोसब्युव्हिर-वेल्पाटास्व्हिरचा मार्ग आहे. बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तरच रुग्ण बरा झाला असे म्हणावे. औषध सुरू करण्याआधी एचबीएसएजी जरूर पाहावे, कारण सी दबल्यावर सुप्त बी उसळू शकतो. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असताना ही औषधे देता येत नाहीत, आणि आपल्याकडे हा प्रसंग दुर्मिळ नाही. अ‍ॅमिओडॅरोन घेणाऱ्या हृदयरुग्णाबाबतही हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सिऱ्होसिसचा अंदाज साध्या रक्तचाचण्यांवरून घेता येतो. एएसटी या यकृताच्या चाचणीच्या आकड्याला त्याच्या सामान्य कमाल मर्यादेने भागून, १०० ने गुणून, प्लेटलेटच्या संख्येने, म्हणजे हजारांतील आकड्याने, भागले की एपीआरआय हा निर्देशांक मिळतो. तो २ पेक्षा जास्त असेल तर सिऱ्होसिसचा दाट संशय धरावा. वर्गात चार-पाच अहवाल वाटून हे गणित प्रत्येकाकडून करून घ्यावे.

हिपॅटायटिस बीमध्ये प्रत्येकाला लगेच औषध लागतेच असे नाही, पण प्रत्येकाचा पाठपुरावा लागतो. सिऱ्होसिस असल्यास विषाणूचे प्रमाण कमी असले तरी उपचार द्यावा. टेनोफोव्हिर रुग्णाने मनाने बंद केल्यास आजार जोराने उलटू शकतो, ही सूचना लेखी द्यावी. केमोथेरपी, रिटुक्सिमॅब किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड देण्याआधी एचबीएसएजी आणि एकूण अँटी-एचबीसी (बीची पूर्वीची किंवा चालू लागण दाखवणारी चाचणी) तपासणे कर्करोग व संधिवात विभागांच्या प्रशिक्षणात आवर्जून असावे. डायलिसिस कक्षात एचबीएसएजी बाधित रुग्णासाठी यंत्र वेगळे ठेवावे, आणि नकारात्मक रुग्णांना दुप्पट मात्रेने लस द्यावी.

पाठवणी कोठे करायची, हा ठाण्यातला स्थानिक पण कळीचा मुद्दा आहे. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. दिव्याचा रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जातो, तुर्भ्यात काम करणारा कामोठ्यात राहतो आणि कामोठे तर रायगड जिल्ह्यात पनवेल महापालिकेत येते. अशा रुग्णाला ‘तुमच्या भागात जा’ असे सांगितले की तो हरवतो. प्रत्येक संस्थेने सर्वांत जवळच्या उपचार केंद्राचा वार, वेळ आणि तिथल्या समन्वयकाचा क्रमांक स्वतः फोन करून खात्री करून घ्यावा, आणि रुग्णाला रिकाम्या हाती न पाठवता अहवालांच्या प्रतींसह चिठ्ठी द्यावी.

पावसाळा आणि पाणी : आशा व बहुउद्देशीय कर्मचारी

जूनपासूनची प्रशिक्षणे ए आणि ई यांवर भर देणारी असावीत. पाणी ठरावीक वेळीच येते तिथे उरलेल्या वेळात रिकाम्या जलवाहिनीत दाब नसतो, आणि ती गटाराजवळून जात असेल तर सांडपाणी आत ओढले जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती, आणि मुंब्रा, दिघा किंवा वागळे इस्टेटजवळच्या दाट वस्तीत तसे घडणारच नाही असे गृहीत धरता येत नाही.

कर्मचाऱ्यांना ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, म्हणजे पाण्यातील क्लोरिनची तपासणी, घरोघरच्या शेवटच्या नळाला करायला शिकवावी. टाकीजवळ क्लोरिन सापडणे पुरेसे नाही, नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरिन हवे. चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरच्या टाकीला अंदाजे अडीच ग्रॅम लागते, आणि पाणी वापरण्याआधी निदान अर्धा तास थांबावे लागते. एका गल्लीत दोन-तीन काविळीचे रुग्ण सापडले की यादी आणि नकाशा करावा. आजार दूषित पाणी प्यायल्यानंतर दोन ते दहा आठवड्यांनी दिसतो, म्हणून आजच्या पाण्याबरोबरच गेल्या दोन-अडीच महिन्यांत जलवाहिनी कोठे फुटली होती, खोदकाम कोठे झाले होते, हे विचारावे.

गरोदर स्त्रीला कावीळ झाली, तर ती सौम्य दिसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावी. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ईमुळे दगावण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इतर रुग्णांतही झोपेचे वेळापत्रक उलटणे, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या आणि रक्तस्राव ही लक्षणे दिसताच थांबू नये.

काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणे, गावाकडचे झाडपाल्याचे औषध, हळद आणि तेल बंद करणे हे सारे आपल्या घराघरांत आहे. आशाताईंनी त्याची टवाळी करू नये; तसे केले की पुढच्या वेळी घरचे सांगणारच नाहीत. माळेने इजा होत नाही, पण अनोळखी झाडपाल्याचा काढा आधीच सुजलेल्या यकृताला घातक ठरू शकतो आणि ‘कावीळ उतरेपर्यंत’ वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात, हा फरक समजावून द्यावा. उसाचा रस प्यायचाच असेल तर रस्त्यावरचा, बर्फ घातलेला नको. साधे घरचे जेवण पुरते. हा संवाद वर्गात एकीने रुग्णाची सासू आणि दुसरीने आशाताई होऊन करून पाहावा. व्याख्यानाने जे साधत नाही ते यातून साधते.

तीन महिन्यांनंतरची तपासणी

प्रशिक्षणाच्या शेवटची लेखी परीक्षा मला फारशी उपयोगी वाटत नाही. त्याऐवजी तीन महिन्यांनी पहिल्या फेरीच्या नोंदी घेऊन तीच फेरी पुन्हा करावी आणि नोंदवह्यांतून पाहावे: तीन मात्रा आणि टायटर पूर्ण झालेले कर्मचारी किती, २४ तासांत जन्ममात्रा मिळालेली बाळे किती, रिअ‍ॅक्टिव्ह अँटी-एचसीव्हीपैकी किती जणांचा आरएनए झाला आणि त्यांतले किती उपचार केंद्रात पोहोचले. जिथे आकडा अडला असेल त्या विभागाला नेमके अर्ध्या तासाचे प्रशिक्षण त्यांच्याच जागेवर द्यावे. सर्वांना पुन्हा सभागृहात बोलावू नये.

कंत्राटी कर्मचारी आणि निवासी डॉक्टर सहा महिन्यांत बदलतात, त्यामुळे वार्षिक कार्यक्रमावर विसंबून चालत नाही. प्रत्येक विभागात एक सिस्टर आणि एक तंत्रज्ञ यांना शिकवणारे म्हणून तयार करावे, त्यासाठी त्यांच्या पाळीतून वेळ मोकळा करून द्यावा, आणि नव्या माणसाला ओळखपत्र देण्याच्या दिवशीच लसीची पहिली मात्रा, सुई कापण्याचा सराव आणि सुई लागल्यास फोन करायचा क्रमांक, हे तिन्ही त्यांच्याकडूनच दिले जावे.